घाडीच्या नावावरचं शतक

पेपरात नाव आलं ते लवू घाडीचं. शतक मात्र विद्याधर दिघ्याचं होतं.

बोरीवली स्टेशनाच्या पायऱ्यांशी, पेपरवाल्याच्या फळीपुढे उभं राहून विद्याधरने ती बातमी वाचली. बातमी कसली, शेवटच्या पानाच्या तळाशी दोन बोटांएवढा मजकूर. मुलुंडच्या मैदानावर उपनगरांच्या ढालीचा अंतिम सामना झाला, शिंपोली फ्रेंड्स क्लब जिंकला, एल. घाडी नाबाद एकशे चार. त्याने ती परत वाचली. मग दुसरा पेपर उचलून त्यात बघितलं. तिथेही घाडीच.

"दिघेसाहेब, विकत घेणार की इथेच संपवणार?" पेपरवाला म्हणाला.

विद्याधरने दोन्ही पेपर घेतले. एक बगलेत धरला, दुसरा पिशवीत कोंबला, मग पिशवीतला काढून बगलेत घेतला. हापिसात ते पेपर न्यायची सोय नव्हती. कारण ज्या सोमवारी हे शतक निघालं त्या सोमवारी बँकेच्या हजेरीबुकात विद्याधर दिघे आवेने आजारी होता.

त्याचं असं झालं. विद्याधर फोर्टातल्या एका बँकेत कारकून होता, आणि ती नोकरी त्याला बॅटीने मिळवून दिली होती. त्या दिवसांत क्रिकेट खेळून कुणाची चूल पेटत नसे. पण बँका, विमा कंपन्या, गिरण्यांची हापिसं आपापल्या टीमसाठी खेळणारी पोरं हेरून ठेवत आणि त्यांना खुर्ची देत. खुर्चीवर बसून काम करायचं, आणि सामन्याच्या दिवशी हापिसचं नाव राखायचं, असा तो न लिहिलेला करार. विद्याधरने काम चोख केलं. नाव राखायचं मात्र जमेना. तीस करायचा, चाळीस करायचा, एकदा तर नव्वदीच्या घरात गेला. पण धावा वाढू लागल्या की त्याच्या पायांत मुंग्या शिरत. उभं राहवेना. मग जो चेंडू सोडायचा तोच उचलून मारायला जाई आणि तंबूत परत येई. वय पस्तिशीला टेकलं, केस मागे हटले, तरी नावावर शतक नाही.

आणि डिसेंबर म्हणजे बँकेचं क्लोजिंग. सहामाही व्याज काढायचं, ताळे जुळवायचे. त्या महिन्यात कुणाच्या घरी काही होवो, रजा बंद. नेमका त्याच महिन्यात शिंपोली फ्रेंड्स अंतिम सामन्यात पोचला. सामना दोन दिवसांचा, रविवार आणि सोमवार.

क्लबचा कॅप्टन अनंत राजाध्यक्ष बोरीवलीच्या शाळेत मास्तर होता. शाळेत तो पोरांना खरं बोलायला शिकवी. विद्याधरच्या ओटीवर बसून तो म्हणाला, "अरे, नाव दुसऱ्याचं घालू. सगळे घालतात. पेपरवाल्याला काय, आपण कागद देऊ तो तो छापणार."

"आणि समोरचे?"

"समोरच्यांत दोघं जण त्यांच्या बँकांतून तापाने फणफणलेत. ते कशाला बोलतायत?"

"कुणाचं नाव घालणार?"

"लवूचं. तो टीमच्या यादीत आहेच. खेळतोय कुठे?"

लवू घाडी म्हणजे क्लबचं बारदान सांभाळणारा माणूस. उपनगरात तेव्हा गवताची खेळपट्टी कुठली असायला? मातीवर काथ्याचं मॅटिंग ताणून खिळे ठोकायचे आणि त्यावर खेळायचं. ते मॅटिंग अंथरणं, गुंडाळणं, बॅटींना तेल लावणं आणि सामना सुरू झाला की झाडाखाली बसून स्कोअर लिहिणं हे लवूचं काम. मूळचा मालवणकडचा. बाप लालबागच्या गिरणीत राबून गेला, लवू बदली कामगार म्हणून कधी आत, कधी बाहेर. अकरावा माणूस कमी पडला तर त्याला पॅड बांधत, आणि तो पॅड सोडायला लगेच परत येई.

तर मुलुंडला त्या सोमवारी विद्याधर दिघे खेळला आणि झाडाखाली बसून लवू घाडीने लवू घाडीच्या नावापुढे धावा मांडल्या. शतक झालं तेव्हा क्लबातल्या पोरांनी "घाडी, घाडी" म्हणून आरोळ्या दिल्या आणि हसून हसून लोळले. विद्याधरही हसला. त्या दिवशी हसला.

मंगळवारी हापिसात भेंडेसाहेबांनी त्याला थांबवलं. श्यामसुंदर भेंडे हे बँकेच्या स्टाफ खात्याचे हेड आणि बँकेच्या स्पोर्ट्स क्लबचे सेक्रेटरी. कुणाला घ्यायचं, कुणाला कुठे पाठवायचं, कुणाला टीममध्ये ठेवायचं, सगळं त्यांच्या हाती. एकेकाळी स्वतः विकेटकीपर होते. बोटं वाकडी झालेली होती, ती टेबलावर वाजवत ते बोलत.

"काय दिघे, आव कशी आहे?"

"बरी आहे साहेब. म्हणजे, गेली."

"आवेने माणूस पांढरा पडतो. तू तर रापलायस." भेंड्यांनी त्याच्या नाकाच्या शेंड्याकडे निरखून पाहिलं. तिथली साल निघत होती. "मानवलं म्हणायचं आजारपण."

विद्याधर मान खाली घालून टेबलाशी गेला. गेल्यापासून आकडे दोनदा चुकले.

नवं वर्ष लागलं आणि बँकेत कुजबुज सुरू झाली. बँक देशावर नव्या शाखा काढत होती, आणि जुनी माणसं तिकडे पाठवायची होती. इतके दिवस क्रिकेटवाल्यांना कुणी हात लावत नसे. भेंड्यांनी एक दिवस टीममधल्या वय झालेल्या माणसांना केबिनमध्ये एकेक करून बोलावलं.

"दिघे, स्पष्ट बोलतो. क्रिकेटच्या नावावर तू हेड ऑफिसात बसलायस. क्रिकेट कुठाय?"

"गेल्या मोसमात पंचेचाळीस केल्या साहेब. त्याआधी..."

"पंचेचाळीस तर माझा मेव्हणा करील. मला एक मोठी खेळी दाखव. एक शतक. वरच्या साहेबांपुढे ठेवायला माझ्याकडे काहीतरी हवं. नाहीतर बार्शी."

"बार्शी?"

"शाखा उघडतेय. चांगलं गाव आहे. मैदान नाही, एवढंच."

विद्याधरच्या जिभेवर आलं होतं. तो गिळून उठला. शतक दाखवावं तर क्लोजिंगच्या महिन्यात खोटं सर्टिफिकेट देऊन दांडी मारल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे बार्शीही गेली आणि नोकरीही. न दाखवावं तर बॅट माळ्यावर टाकून देशावर जा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

घरी मृणालिनीने पाट मांडला होता. तो दोन घास खाऊन उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला.

"तुमचं जेवण आहे की प्रदक्षिणा?" ती म्हणाली.

त्याने सांगितलं. ती ऐकत आमटी वाढत होती. मुलुंडची सगळी हकीकत तिला ठाऊक होती, सर्टिफिकेटसाठी डॉक्टरांकडे तीच गेली होती.

"शेजारच्या विमलाबाई विचारत होत्या, तुमच्या क्लबातल्या कुणा घाडीने म्हणे फार मोठा पराक्रम केला," ती म्हणाली. "मी म्हटलं, हो बाई, फार गुणी मनुष्य. जेवायला आमच्याकडेच असतो."

"तुला थट्टा सुचतेय."

"मग काय रडू? अहो, बार्शीला जाऊ. तिथे घराला अंगण तरी मिळेल."

"मी तिथे करू काय रविवारी?"

मृणालिनीने आमटीचा डाव पातेल्यात ठेवला. लग्नापासून तिने एकही रविवार त्याच्यासोबत काढला नव्हता. बार्शीतला रविवार तिला दिसत होता, आणि तिला तो वाईट दिसत नव्हता.

पुढच्या रविवारी तो सरावाला गेला तेव्हा लवू उकिडवा बसून मॅटिंगचे खिळे ठोकत होता. विद्याधरला बघून त्याने हातोडी खाली ठेवली.

"विदूभाऊ, एक बोलायचा होता."

"बोल."

"आगबोट कंपनीतसून माणूस इलो होतो. तेंका टीमसाठी बॅट्समन होयो. पेपरात नाव वाचल्यानी म्हणे. माझ्या खोलीवर इलो, घाडी खंय, घाडी खंय करीत." लवू जमिनीकडे बघत होता. "नोकरी देतत. रेकॉर्ड खात्यात. कायमची."

विद्याधरला वाटलं, आपलंच मांजर आणि आपल्यालाच म्याँव करतंय.

"तू काय सांगितलंस?"

"इचारून सांगतंय म्हटलंय. शतक तुमचा. तुमी नको म्हणशात तर नाय जावचंय. गिरणीत ह्या म्हयन्यात फक्त चार पाळये गावले. बायल माझी, रत्नप्रभा, गावाक आसा, तिका हंय हाडूची म्हणान तीन वर्सां बोलतंय." तो थांबला. "पण खोट्याचा खाऊचा, तर ज्येचा खोटा तेका इचारूक होया."

"थांब. बघतो."

विद्याधर मैदानाला चक्कर मारायला निघाला. पलीकडे भाताची रिकामी खाचरं होती, त्यांच्या मागे डोंगर. तो बांधाने चालत राहिला. आजवर त्याच्या मनात एक आशा होती की हे नाव आज ना उद्या बदलून घेता येईल. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, बँकेतून निघाल्यावर का होईना, चार लोकांत सांगता येईल की बाबांनो, ते शतक माझं. लवू त्याच्यावर नोकरीला लागला की ते संपलं. मग बोलणं म्हणजे लवूच्या ताटात माती कालवणं. नाही म्हणावं? नाही म्हणायचा त्याला हक्क होता. तो परत येईस्तोवर लवूने एकही खिळा ठोकला नव्हता. तसाच उकिडवा बसून होता.

"जा," विद्याधर म्हणाला. आणि लवूने त्याच्या पायाला हात लावायच्या आत ओरडला, "पण तुला बॅट धरता येते का रे? पहिल्या सामन्यात तुझी वाट लागेल. तुझ्याबरोबर माझी पण."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी हापिसला निघण्याआधी विद्याधर लवूला मैदानावर उभा करू लागला. खरं म्हणजे स्वतःच्या सरावाचा तो वेळ. बँकेचे सामने जवळ आले होते, एक शतक काढलं तर अजूनही सगळं निभावणार होतं. पण लवूची बॅट बघितली की त्याचा जीव खालीवर होई.

"झाडू मारतोयस का? सरळ आण. डावा पाय पुढे, चेंडूपर्यंत."

"पाय टाकलंय."

"तो पाय आहे? होडीत चढतोस तसा टाकलायस. अंग मागे ठेवून काय उपयोग?"

फटके शिकवण्याइतका वेळ नव्हता. विद्याधरने त्याला एकच गोष्ट शिकवायचं ठरवलं. पाय पुढे, डोकं खाली, बॅट पायाला चिकटलेली. दुसरं काही नाही. आणि वर्तन शिकवलं. मैदानात घाईने शिरायचं नाही. गार्ड मागायचा, चारी बाजूंना क्षेत्ररक्षक बघून घ्यायचे. बाद झालं की अंपायरच्या तोंडाकडे बघत राहायचं नाही, चालू पडायचं.

"शतकवाला माणूस असाच चालतो," तो म्हणाला, आणि आपण हे कुणाला सांगतोय ते मनात येऊन त्याने पुढचा चेंडू उगाच जोरात टाकला.

अनंत मास्तर एकदा बघायला आला. थोडा वेळ बघून म्हणाला, "विद्या, हा तर हुबेहूब तुझ्यासारखा उभा राहतो. फक्त बॅटीला चेंडू लागत नाही."

लवू कंपनीत रुजू झाला. विद्याधरला वाटलं, आता सुटलो. सुटला कसला. रोज सकाळी तो पेपराचं शेवटचं पान आधी उघडून बघे की आगबोट कंपनीच्या कुठल्या सामन्यात घाडी उघडा पडला की काय. आणि हापिसांच्या सामन्यांचं वेळापत्रक लागलं, तर पहिल्याच फेरीत बँकेची गाठ आगबोट कंपनीशी. मैदान घाटकोपरचं.

त्या दिवशी बँकेने आधी बॅट धरली. विद्याधर तिसरा गेला. सुरुवात तर झकास झाली. चेंडू बॅटीच्या मध्यावर येत होता, सीमेवर भेंडेसाहेब छत्रीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते, आणि ते पुढे सरकून बसलेले विद्याधरला दिसले. त्याने तिशी ओलांडली. तेवढ्यात त्याची नजर मिडऑफला गेली. तिथे लवू उभा होता, कंपनीची नवी पांढरी विजार घालून, हात मागे बांधून, अगदी विद्याधर उभा राहतो तसा. विद्याधरच्या पायांत मुंग्या आल्या. ह्या माणसाच्या खात्यावर शतक आहे आणि आपल्या खात्यावर काही नाही. पुढचा चेंडू सोडण्याजोगा होता. त्याने तो उचलला. मिडविकेटने दोन पावलं मागे जाऊन आरामात झेल घेतला.

तो परत येत असताना भेंड्यांनी मान दुसरीकडे वळवली होती.

आगबोट कंपनी खेळायला आली तेव्हा विद्याधर पहिल्या स्लिपमध्ये होता. कंपनीचे गडी भराभर गेले. मग लवू निघाला. सावकाश, शिकवल्याप्रमाणे. गार्ड मागितला. चारी बाजूंना बघितलं. स्लिपमध्ये विद्याधरवर नजर आली तेव्हा एक क्षण त्याचा चेहरा मॅटिंग गुंडाळणाऱ्या लवूचा झाला. मग तो पुन्हा घाडी झाला.

कंपनीच्या तंबूत टाळ्या पडत होत्या. "ये है अपना सेंच्युरीवाला," कुणीतरी ओरडलं.

लवू इथे हास्यास्पद झाला, त्याची बॅट झाडूसारखी फिरली, की तंबूतले लोक विचारणार, हा शतक काढणारा? मग मुलुंडला चौकशी होणार, आणि ती फिरत फिरत भेंड्यांच्या टेबलावर येणार. राहू दे हा दहा मिनिटं. नुसता राहू दे.

पहिला चेंडू. लवूचा पाय पुढे आला, डोकं खाली गेलं, बॅट पायाला चिकटली. इतकं सुरेख की विद्याधर बघत राहिला. फक्त चेंडू तिथे नव्हता, जरा बाहेर वळला, बॅटीची कड घेऊन स्लिपकडे आला, खाली, गवतालगत. विद्याधरचा हात आपोआप गेला. चेंडू बोटांत आला.

अंपायरच्या आणि चेंडूच्या मध्ये गोलंदाज आला होता. त्या काळी अशा वेळी अंपायर क्षेत्ररक्षकालाच विचारत, आणि तो सांगेल ते प्रमाण. अंपायर पुढे येऊन म्हणाला, "दिघे, घेतलास ना?"

टप्पा पडला म्हटलं असतं तर कुणी उलट विचारणार नव्हतं. लवू राहिला असता. विद्याधरला ज्याची भीती होती ते अजून एक षटक तरी लांबलं असतं. गेल्या दोन महिन्यांत तो किती खोटं बोलला होता, त्यात आणखी एकाने काय बिघडत होतं? पण चेंडू हातात असताना नाही म्हणायला त्याची जीभच वळेना.

"घेतला," तो म्हणाला.

आणि बघतो तर लवू केव्हाच चालू पडला होता. अंपायरकडे न बघता, बॅट बगलेत धरून, शिकवल्याप्रमाणे. शून्यावर.

विद्याधर तंबूकडे कान लावून उभा राहिला. आता फुटणार. कंपनीच्या टीमचे मॅनेजर चंद्रप्रकाश उठून पुढे आले, लवूच्या खांद्यावर त्यांनी हात टाकला. "होता है, घाडी, होता है यार. बडे बडे लोग झीरोपे जाते हैं." कुणी पाणी दिलं. कुणी म्हणालं, चेंडू तसाच होता, कुणालाही खेळता आला नसता. लवू मान हलवत बसला.

बस्स. एवढंच झालं. कुणाला शंका नाही, कुणी विचारलं नाही. ज्याच्या नावावर शतक असतं त्याच्या शून्यालाही लोक हात जोडतात, हे विद्याधरला स्लिपमध्ये उभ्या उभ्या कळलं. नऊ वर्षं आपल्या पंचेचाळिसांचा हिशेब भेंडे मागत होते आणि लवूच्या शून्यावर लोक पाणी घेऊन धावले. महिनाभर सकाळी सकाळी त्याला शिकवण्यात घाम गाळला, त्याचीही गरज नव्हती. बँक सामना जिंकली. त्या रात्री विद्याधर धड झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी भेंडेसाहेबांचा शिपाई आला. केबिनमध्ये भेंड्यांपुढे चहा होता आणि एक टाइप केलेला कागद.

"बस. हा तुझा बार्शीचा कागद. सही राहिलीय." त्यांची वाकडी बोटं कागदावर वाजू लागली. "पण मला एक सुचलंय. तो घाडी तुमच्या क्लबातला ना?"

"होय साहेब."

"पोरगा आवडला मला. शून्यावर गेला, जाऊ दे. पण तो पाय कसा पुढे आला बघितलास? आणि कसा चालता झाला, अंपायरकडे ढुंकून न बघता. खानदानी खेळ आहे. आगबोट कंपनी त्याला रेकॉर्डात सडवणार. तू त्याला आपल्याकडे आण."

विद्याधरची नजर बार्शीच्या कागदावर गेली.

"तुझा शब्द तो मोडणार नाही असं ऐकलंय. तू घाडीला आण, मी तुझा कागद वर्षभर खालच्या खणात ठेवतो. तो खेळेल, तू त्याच्या जोडीला राहा. पुढचं पुढे बघू."

खिडकीबाहेर ट्रामची घंटा वाजत गेली. विद्याधरला वर्ष दिसलं. वर्षभर रविवार, वर्षभर मॅटिंग, बोरीवलीचं घर. लवूला सांगितलं तर तो येईल, विचारणारही नाही का म्हणून. आणि मग वर्षभर भेंडे लवूकडे बोट दाखवून म्हणणार, दिघे, बघ, शतक काढणारा माणूस कसा असतो ते.

त्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, आणि आवरेना.

"काय झालं?"

"साहेब, तो नाही येणार. आणि आला तरी तो शतक काढणारा नाही."

"पेपरात आलंय."

"पेपरात आलंय ते माझं आहे."

भेंडे उठले. केबिनचं दार त्यांनी लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

"कधीचं?"

"डिसेंबरातलं. मुलुंडचं."

"सोमवारचं? सोमवारी तुला आव होती."

"नव्हती साहेब."

"दिघे," भेंडे हळू आवाजात म्हणाले, "मी स्टाफ खात्याचा हेड आहे. हे मी ऐकलं तर मला कागद करावा लागेल, आणि तो कागद बार्शीचा नसेल. म्हणून मी ऐकलेलं नाही. कळलं?"

"कळलं."

"त्या घाडीची नोकरी त्या शतकावर आहे. तेही मी ऐकलेलं नाही."

"बरं साहेब."

विद्याधर उठून दाराशी गेला. मागून भेंड्यांचा आवाज आला. तो हेडचा आवाज नव्हता.

"शंभरावी कशी काढलीस?"

विद्याधर वळला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. क्लबातल्यांनी बघितलं होतं म्हणून त्यांनी विचारलं नाही, मृणालिनीला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि बाकीच्यांना ते शतक घाडीचं.

"नव्याण्णववर होतो साहेब. पायांत मुंग्या आल्या होत्या, नेहमीसारख्या. आता उचलून मारणार हे मलाच कळत होतं. तेवढ्यात मॅटिंगचा कोपरा सुटला. माझ्याच टोकाचा. खिळा निघाला होता. खेळ थांबला. लवू झाडाखालनं हातोडी घेऊन आला, खिळा सापडेना, मग दुसरा आणायला गेला. मी आपला मध्ये उभा. करायला काही नाही. डोंगराकडे बघत राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्याने खिळा ठोकला, गेला. आणि पायातल्या मुंग्या गेल्या होत्या साहेब. कशा गेल्या माहीत नाही."

"मग?"

"पहिला सोडला. दुसरा पुढे पडला. पाय टाकला आणि कव्हरकडे ढकलला."

"ढकललास? मारला नाहीस?"

"नाही. हलका. एक धाव."

भेंडे टेबलावरच्या चहाकडे बघत होते. चहावर साय आली होती. त्यांची बोटं कागदावर स्थिर होती.

"तो पाय," ते म्हणाले, "काल घाडीने टाकला तो..."

"माझाच साहेब. शिकवलाय."

"तरीच," भेंडे म्हणाले. त्यांनी टाक उचलला, बार्शीच्या कागदावर सही केली आणि कागद विद्याधरपुढे सरकवला. "पहिल्या तारखेला हजर व्हायचं."